थांबलेले पाणी, फिरता मासा

तळ्यातल्या ट्राउट या माशाविषयी आणि त्याला भुलवण्यासाठी पिसे, धागा आणि तार वापरून गळावर बांधल्या जाणाऱ्या नकली कीटकांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि मजकूर थोडा आवरता घेतला आहे. उत्तरांमध्ये ‘माशी’ हा शब्द सर्वत्र नकली कीटकासाठीच वापरला आहे. खरा कीटक त्याच्या नावाने येईल, म्हणजे मासा, माशी आणि माशीसारखी दिसणारी दुसरी माशी असा घोळ होणार नाही.

प्रश्न : मी अनेक वर्षे नदीवर फ्लाय फिशिंग करत आलो आहे. दगडामागचे संथ पाणी, धारेची कड, डोहाचे तोंड अशा जागा नदीत नजरेनेच ओळखता येतात. तळ्याच्या काठावर उभा राहिलो की मात्र सगळे पाणी सारखेच दिसते. माशी टाकायची तरी कोठे?

उत्तर : नदीवर शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. नदीत अन्न प्रवाहाबरोबर माशाकडे येते, म्हणून ट्राउट कमी कष्टाची एखादी जागा धरून बसतो आणि समोरून वाहत जाणारे टिपत राहतो. तळ्यात असे आयते ताट वाढणारा प्रवाह नसतो, त्यामुळे पोट भरायचे तर त्याला स्वतःच हिंडावे लागते. तेव्हा ‘मासा कोठे बसला असेल’ हा नदीवरचा प्रश्न बाजूला ठेवून ‘तो कोणत्या वाटेने जाईल’ असा प्रश्न स्वतःला विचारावा.

ही वाट अन्नावरून जाते. जेथे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तेथे पाणवनस्पती वाढतात, आणि वनस्पती असतात तेथे कीटकांच्या अळ्या व पिल्ले, गोगलगायी आणि कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव असतात. बऱ्याच तळ्यांत हा संपन्न पट्टा काठापासून साधारण पाच-सहा मीटर खोलीपर्यंतच असतो, आणि पाणी गढूळ असेल तर त्याहूनही आधी संपतो. मोठा मासा खोल पाण्यात असतो ही समजूत इतकी पक्की आहे की पुष्कळ जण या पट्ट्याच्या डोक्यावरून लांबच लांब माशी फेकतात आणि गुडघाभर पाण्यात उतरताना पायाजवळचेच मासे उधळून लावतात. उथळ भाग संपून तळ झपकन खाली उतरतो ती कड, वनस्पतींच्या दाटीतली मोकळी गल्ली, ओढा येऊन मिळतो ते तोंड आणि पाण्यात शिरलेले जमिनीचे टोक या जागा प्रथम पाहाव्यात. काठाने चालणाऱ्या माणसाने पाण्यात पाय घालण्यापूर्वी काठालगतच्या पाण्यात दोन-चार वेळा माशी टाकून पाहावी, विशेषतः पहाटे.

वाऱ्याकडेही लक्ष द्यावे. वारा पृष्ठभागावरचे पाणी आणि त्याबरोबर तरंगणारे कीटक, त्यांच्या काती, फेस असे सगळे एका बाजूला ढकलतो. त्यामुळे वारा ज्या काठावर येऊन आदळतो तेथे उभे राहून माशी फेकणे त्रासाचे असले तरी मासे अनेकदा तेथेच असतात. लाटांमधून गेलेल्या गुळगुळीत, फेसाळ पट्ट्यांत अन्न गोळा होते आणि पृष्ठभागाजवळ चरणारा ट्राउट बहुधा वाऱ्याला तोंड करून या पट्ट्यांतून वर जातो. त्याचे दोन उसळे दिसले तर तिसरा कोठे दिसेल याचा अंदाज त्या रेषेवरून बांधता येतो.

उन्हाळ्यात तापमानाची बाजूही येते. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून खोल तळ्यात ऊन पडू लागले की वर कोमट, खाली थंड आणि मध्ये झपाट्याने गार होत जाणारा एक थर अशी रचना तयार होते. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचे पाणी मानवते आणि २० अंशांच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो. मात्र अगदी तळाच्या थंड पाण्यात उन्हाळा सरत येईपर्यंत प्राणवायू कमी पडू शकतो, म्हणून वरचे गरम आणि खालचे गुदमरवणारे यांच्यामधल्या पाण्यात तो वावरतो. दोरीला बांधलेला साधा तापमापक प्रत्येक मीटरवर मिनिटभर धरला तर हा थर सापडतो. मी तर म्हणेन की महागड्या रॉडच्या आधी तो घ्यावा.

प्रश्न : माझ्या डबीत सत्तरहून अधिक माश्या आहेत आणि दर वेळी कोणती लावावी हेच कळत नाही. तळ्यासाठी कोणत्या कीटकांच्या नकला खरोखर आवश्यक आहेत?

उत्तर : सत्तरांपैकी साठ घरी ठेवल्या तरी आपले काही बिघडणार नाही. तळ्यातला ट्राउट वर्षभर जे कीटक खातो त्यांचे पाच-सहा गट आहेत आणि त्यांतला एक गट बाकीच्यांपेक्षा इतका महत्त्वाचा आहे की त्याच्याविषयीच येथे सविस्तर लिहितो.

हा गट म्हणजे कायरोनोमिड. दिसायला डासासारखी, पण न चावणारी ही चिलटे आहेत. त्यांची अळी तळाच्या गाळात स्वतः विणलेल्या नळीत राहते. तेथे प्राणवायू तुटपुंजा असल्याने अनेक जातींच्या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते आणि त्यामुळे त्या रक्तासारख्या लाल दिसतात. घरी काचपेटीत मासे पाळणाऱ्यांना त्या ब्लडवर्म म्हणून ओळखीच्या असतील. अळीचा कोष झाला की त्याच्या त्वचेखाली वायू साठू लागतो आणि तो तळ सोडून वर निघतो. हा प्रवास अतिशय सावकाश होतो. कोष थोडा वळवळतो, थांबतो, पुन्हा वळवळतो आणि शेवटी पाण्याच्या पृष्ठभागाखाली उभा लोंबकळत राहतो, कारण त्या ताणलेल्या पडद्यातून बाहेर पडणे त्याला सोपे नसते. मग पाठ उकलते, चिलट कातीवर उभे राहते आणि बघता बघता उडून जाते.

हा कोष एकदा पांढऱ्या ताटलीत पाणी घालून त्यात ठेवावा आणि नीट पाहावा. शरीर सडपातळ आणि किंचित वाकलेले असते, त्यावर कड्यांसारखे स्पष्ट खंड असतात, छातीचा भाग फुगीर असतो, तिच्या दोन्ही अंगांना पंखांच्या कळ्या नारिंगी-तपकिरी दिसतात आणि डोक्यावर श्वसनतंतूंचा पांढराशुभ्र झुपका असतो. वायूमुळे संपूर्ण अंगावर पारा फिरवल्यासारखी चमक येते. माशीत यांपैकी सडपातळपणा, कडी, चमक आणि पांढरा झुपका एवढे आले की पुरे. काळ्या धाग्यावर रुपेरी तार सारख्या अंतराने गुंडाळून, फुगीर छातीपुढे पांढऱ्या धाग्याचे टोक ठेवले की काम झाले. नवशिक्याची माशी हमखास जाड होते. बांधून झालेली माशी बारीक वाटत असली तरी धाग्याचे आणखी चार वेढे काढून टाकावेत. १० ते १६ क्रमांकांच्या गळांवर काळी, तपकिरी आणि ऑलिव्ह अशा तीन रंगांत ही माशी असेल तर वर्षातले निम्मे दिवस तिच्यावरच निघतात.

बाकीचे थोडक्यात सांगतो. टाचणीचे पिल्लू लांबट, हिरवट असून त्याच्या शेपटीला पानांसारखे तीन कल्ले असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते काठाकडे पोहत येते. चतुराचे पिल्लू ठेंगणे, रुंद असते आणि तळाशी राहते. मागील बाजूने पाण्याची चिळकांडी सोडून ते पुढे झेपावते. मेफ्लायची पिल्ले वनस्पतींमध्ये राहतात आणि बाहेर पडण्याच्या वेळी झटक्याझटक्याने वर जातात. कॅडिसचा कोष जोमाने पोहतो आणि त्याचा प्रौढ कीटक संध्याकाळी पाण्यावर धावपळ करतो. वल्ह्यांसारखे पाय असलेला, पोटावर हवेचा रुपेरी थर घेऊन हवेसाठी वरखाली करणारा कोरिक्सिड हा पाणकिडा शरद ऋतूत विशेष उपयोगी पडतो. गॅमारससारखे कोळंबीच्या कुळातले जीव आणि जळवा हे कीटक नव्हेत, तरीही दोन-दोन नकला डबीत असाव्यात, कारण ट्राउट वर्गीकरण पाहून खात नाही.

प्रश्न : संध्याकाळी तळ्यावर चहूकडे मासे वर येताना दिसतात. मी तरंगणारी माशी त्यांच्या नाकासमोर टाकतो, तरी एकही मासा तिच्याकडे पाहत नाही. चूक कोठे होते?

उत्तर : पाण्यावर वर्तुळ उमटले म्हणजे मासा पाण्यावरचे काहीतरी खातो असे आपण धरून चालतो, आणि नेमकी तेथेच माशी शिंकते. वर्तुळ कसे उमटले ते पाहायला हवे. मासा पृष्ठभागावरचा कीटक घेतो तेव्हा त्याचे तोंड पाण्याबाहेर येते आणि वर्तुळाच्या मध्यभागी बहुधा हवेचा एखादा बुडबुडा राहतो. तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली लोंबकळणारे कोष टिपत असतो तेव्हा तोंड दिसतच नाही. आधी पाठ, मग पाठीवरचा पर आणि शेवटी शेपटीचे टोक अशी संथ लाट दिसते आणि बुडबुडा मागे राहत नाही. संध्याकाळच्या ज्या गर्दीचे वर्णन आपण केले आहे ती बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असते.

याचे कारण साधे आहे. चिलट कातीतून सुटले की उडून जाते, तर कोष मात्र बाहेर पडण्यापूर्वी पृष्ठभागाखाली बराच वेळ अडकून राहतो, आणि निवांत पाण्यात हा वेळ आणखी वाढतो. पळू न शकणारे अन्न एका पातळीवर हजारोंनी टांगलेले असताना मासा उडून जाणाऱ्या चिलटाच्या मागे कशाला लागेल? तरंगणारी माशी काढून तिच्या जागी कोषाची हलकी नक्कल लावावी. लीडरला, म्हणजे दोराचे टोक आणि माशी यांना जोडणाऱ्या बारीक धाग्याला, माशीपासून साधारण एक वीत अंतरापर्यंत तरंगण्याचे मलम लावावे आणि शेवटची वीत कोरडी पुसून मोकळी ठेवावी, म्हणजे माशी पृष्ठभागाच्या लगेच खाली टांगलेली राहते. मग दोर ओढू नये. फक्त ढिला पडलेला तेवढा गोळा करावा.

माशी कोठे टाकावी याबाबतही एक हिशेब आहे. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते, कारण प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो आणि त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटीहून किंचित अधिक भरतो. मासा ३ मीटर खोल असेल तर खिडकी जवळजवळ ७ मीटर रुंद असते. तो ३० सेंटिमीटरवर चरत असेल तर ती ७० सेंटिमीटरसुद्धा नसते. खिडकीबाहेर पृष्ठभागाची खालची बाजू त्याला आरशासारखी दिसते. पृष्ठभागाजवळचा मासा अगदी बेफिकीर वाटतो, पण तो ज्या बोळातून जातो तो बोळ हातभर रुंद असतो आणि त्याच्या बाहेर पडलेली माशी त्याच्या लेखी जवळपास नसतेच. उमटलेल्या वर्तुळात माशी टाकणे हा तर वेळेचा अपव्यय आहे, कारण मासा तेथून केव्हाच पुढे गेलेला असतो. त्याच्या वाटेवर दीड-दोन मीटर पुढे माशी टाकावी आणि हात आवरून वाट पाहावी.

आदल्या रात्रीचा अंदाज सकाळीही घेता येतो. वारा लागणाऱ्या काठावरच्या फेसात बारीक, पारदर्शक काती अडकलेल्या असतात. तळहातावर घेतल्यास त्यांची लांबी कळते आणि त्यावरून गळाचा क्रमांक ठरवता येतो. मात्र कात रंग सांगत नाही. तिच्यातला रहिवासी निघून गेलेला असतो.

प्रश्न : माशीच्या रंगाला किती महत्त्व द्यावे?

उत्तर : चौथ्या क्रमांकाचे. आधी खोली, मग वेग, मग आकारमान आणि त्यानंतर रंग. पहिली तीन उत्तरे सापडण्याआधी रंग बदलत बसणे म्हणजे बंद घड्याळाचा पट्टा बदलण्यासारखे आहे.

प्रश्न : एका नावेत आम्ही दोघे होतो. माशी एकाच डबीतली, रॉड सारखे आणि अंतरही सारखेच. सोबत्याला पाच मासे मिळाले, मला एकही नाही. याला नशिबाखेरीज काही कारण असू शकते काय?

उत्तर : असू शकते, आणि मीही तुमच्या जागी बसलेलो आहे. माझ्या बाबतीत तो फरक ४० सेंटिमीटरांचा होता. सोबत्याची माशी वनस्पतींच्या शेंड्यांच्या जराशी वर टांगलेली होती आणि माझी त्या शेंड्यांच्या आत. मी दर दहा मिनिटांनी माशी बदलत होतो, गळावर आलेला हिरवा तुकडा निमूटपणे काढून टाकत होतो, आणि तो तुकडा मला काय सांगतो आहे हे ध्यानात यायला दुपार उजाडली.

कायरोनोमिडचा कोष तळाजवळ बराच रेंगाळतो आणि मासेही तेथे, तळापासून हातभर उंचीवर, फिरत असतात. ही उंची साधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पृष्ठभागावर तरंगणारा लहानसा फ्लोट लीडरला लावणे. माशीला एक छोटा चिमटा अडकवून ती नावेच्या कडेने सरळ खाली सोडावी, चिमटा तळाला टेकला की फ्लोट पाण्याच्या पातळीपासून सुमारे ३० सेंटिमीटर खाली लीडरवर घट्ट करावा आणि मग चिमटा काढावा. चिमटा काढायला विसरणारे भेटतात, आणि त्यांत अनुभवी लोकच जास्त असतात. तळावर वनस्पती असतील तर ३० सेंटिमीटर त्यांच्या शेंड्यांपासून मोजावेत, तळापासून नव्हे.

बुडणारा दोर वापरत असाल तर घड्याळ हेच मोजमाप. समजा दोर सेकंदाला साडेसात सेंटिमीटर बुडतो. मग ३ मीटर खोली गाठायला त्याला ४० सेकंद लागतात. माणूस कंटाळून पंधराव्या सेकंदाला ओढू लागतो, म्हणजे माशी एक मीटरच्या थोडी पुढे पोचलेली असते आणि मासे तिच्या दोन मीटर खाली. मोठ्याने आकडे मोजावेत, मासा लागला तो आकडा लक्षात ठेवावा आणि पुढच्या वेळी तेथपर्यंतच मोजावे. सोबत्याचा आकडा विचारण्यात कमीपणा मानू नये.

खोली जुळूनही मासा लागत नसेल तर वेग तपासावा. कोषाची नक्कल ओढायची नसते, ती जेमतेम सरकवायची असते. डाव्या हाताच्या बोटांत दोर आठच्या आकड्यासारखा गुंडाळत राहिल्यास तो न थांबता अगदी संथपणे येतो. इतका संथ, की पाहणाऱ्याला आपण काहीच करत नाही असे वाटावे. येथे वारा छुपेपणाने घात करतो. तो तरंगत्या दोराला कमानीसारखा बाक देतो आणि हात स्थिर असला तरी तो बाक माशीला पाण्यातून फरफटत नेतो. रॉडचे टोक पाण्याला टेकवून ठेवावे आणि बाक पडताच दोर उचलून वाऱ्याच्या दिशेने परत टाकावा. वारा वाढला असेल तर नावेला पुढून आणि मागून असे दोन नांगर टाकावेत. एकाच नांगरावर नाव लंबकासारखी झुलते आणि तिच्याबरोबर माशीही.

टाचणीच्या पिल्लाची नक्कल मात्र निराळी वागवायची असते. ते शरीर डावी-उजवीकडे वळवत काही अंतर पोहते आणि मग थकल्यासारखे थांबते, म्हणून चार-पाच आखूड ओढी आणि मग थोडा विसावा असा क्रम ठेवावा. दिशेचाही विचार करावा. ही पिल्ले खोल पाण्याकडून काठाकडे, लव्हाळ्यावर चढण्यासाठी येतात. काठावर उभा असलेला माणूस माशी आपोआप त्या दिशेने ओढतो, पण नावेतून काठाकडे माशी फेकणारा तिला उलट्या वाटेने नेत असतो. अशा वेळी नाव काठालगत लावून माशी खोल पाण्याकडे फेकावी.

राहता राहिला मासा लागल्याचा क्षण. संथ माशी घेणारा ट्राउट दोराला हिसका देत नाही. तो तिला तोंडात घेतो, चाखतो आणि पटली नाही तर थुंकून टाकतो. फ्लोट बुडेल याची वाट पाहत बसू नये. तो कलला, किंचित थबकला किंवा लाटेच्या तालाविरुद्ध हलला तरी रॉड सौम्यपणे उचलावा. आपल्या सोबत्याने बहुधा हेच केले असावे आणि तुम्ही तेव्हा त्याच्याकडे पाहत असाल.

प्रश्न : लीडर किती लांब आणि टिपेट, म्हणजे लीडरचे माशीकडचे टोक, किती बारीक असावे? नायलॉन की फ्लुरोकार्बन?

उत्तर : तरंगता दोर आणि खोल टांगलेली माशी असेल तर लीडर पाण्याच्या खोलीहून थोडा लांब हवा. तरंगत्या दोरावर ४ ते ५ मीटर लांबी सर्वसाधारण उपयोगाची आहे, आणि बुडत्या दोरावर दोन-अडीच मीटर पुरतो, कारण लांब हलका लीडर दोराच्या मागून वर तरंगत राहतो आणि दोर बुडवण्याचा हेतूच फसतो. टिपेटच्या जाडीचे एक्सचे क्रमांक गोंधळात टाकतात, पण त्यामागे साधी वजाबाकी आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या सहस्रांशात मिळते. म्हणजे ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर, ३ एक्स म्हणजे ०.००८ इंच, सुमारे ०.२० मिलिमीटर. तळ्यातला मासा पूर्ण वेगात असताना माशी घेऊ शकतो, म्हणून मोठ्या माशांच्या तळ्यावर मी ४ एक्सहून बारीक टिपेट सहसा वापरत नाही.

फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा बरेच जड असते आणि लवकर बुडते. प्रकाश वाकवण्याचे त्याचे प्रमाण पाण्याच्या अधिक जवळ असल्याने ते पाण्यात कमीही दिसते. बुडवायच्या माशीसाठी ते घ्यावे, आणि तरंगणाऱ्या माशीसाठी नायलॉनच ठेवावे. गाठ ओढण्यापूर्वी ती जिभेने ओली करावी. कोरडी ओढलेली गाठ घर्षणाने तापते आणि मासा तुटून जाण्याचे खापर मग दोर बनवणाऱ्यावर फुटते.

प्रश्न : मासा काय खात होता हे कळण्यासाठी त्याच्या पोटातील अन्न पंपाने काढून पाहतात असे ऐकले आहे. मासा परत सोडायचा असेल तर हे योग्य आहे काय? आणि हे पाहून खरोखर फायदा होतो काय?

उत्तर : फायदा होतो. तळ्यातली कीटक-नकलांची पद्धत पुष्कळ अंशी या सवयीतूनच उभी राहिली. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातील ब्लॅगडन हा जलाशय १९०४ मध्ये ट्राउटच्या मासेमारीसाठी खुला झाला, तेव्हा तेथे मोठमोठ्या, भडक, कशाशीही साम्य नसलेल्या माश्या वापरल्या जात. पहिल्या महायुद्धानंतर त्या परिसरात येऊन स्थायिक झालेल्या डॉ. एच. ए. बेल या वैद्यकीय व्यावसायिकाने धरलेल्या माशांची पोटे तपासली, त्यांत काय सापडते ते पाहिले आणि त्याबरहुकूम बारीक, साध्या माश्या बांधल्या. कायरोनोमिडच्या कोषाची त्यांची काळी नक्कल ‘ब्लॅगडन बझर’ म्हणून आजही ओळखली जाते. डॉक्टराला निदानाआधी तपासणी करावीशी वाटली, यात नवल नाही.

परंतु बेल यांनी पाहिली ती खाण्यासाठी ठेवलेल्या माशांची पोटे होती. जिवंत माशाच्या घशात रबरी फुग्याची नळी घालणे हे कसबाचे काम आहे. नळी खोल गेली किंवा फुगा जोराने दाबला तर आतील नाजूक अस्तराला इजा होते, आणि लहान माशाच्या बाबतीत ती जवळपास ठरलेलीच असते. ज्यांना हे कोणी अनुभवी माणसाने हाताला धरून शिकवलेले नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी ते नियमातही बसत नाही, तेव्हा परवान्यावरच्या अटी आधी वाचाव्यात. पाणी २० अंशांच्या आसपास गेले असेल तर पंपाचा प्रश्नच येत नाही. १० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, तोच २० अंशांना सुमारे ९ होतो, आणि झुंजून दमलेल्या माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढलेली असते. अशा दिवशी सोडण्यासाठी मासे धरणेच थांबवावे. एरवी सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने आणि उलटा दात दाबून टाकलेल्या गळावरून मोकळा करावा.

जेथे मासा ठेवण्याची परवानगी आहे तेथे एक मासा ठेवावा आणि साफ करताना त्याचे जठर वेगळे काढून चिरावे. आतला ऐवज पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटलीत सोडून काडीने हळूच मोकळा करावा. घशाकडचे अन्न सर्वांत ताजे असते आणि आतड्याकडचे सर्वांत जुने, त्यामुळे हा क्रम न मोडता पाहिल्यास माशाचा सकाळपासूनचा दिनक्रम वाचता येतो. मागे गोगलगायी, मध्ये लाल अळ्या आणि पुढे कोष असे सापडले तर मासा तळ सोडून वर येऊ लागला आहे, आणि तुमचा फ्लोटही आता खाली सरकवून माशी उथळ करायला हवी. पुढच्या टोकाला एखादा कोष अजून वळवळत असतो. त्याच्या शेजारी आपली माशी ठेवून जाडी आणि लांबी ताडून पाहावी. रंगही तेथेच टिपून घ्यावा, कारण स्पिरिटच्या कुपीत घालून नेलेला हिरवा कोष घरी दिव्याखाली काढाल तेव्हा फिका पडलेला असतो, आणि त्याच्याबरहुकूम बांधलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी चुकीच्या रंगाच्या निघतात.